जॉन्स बेटावरच्या बाई

आमच्या धर्मग्रामातील विवाहांच्या जुन्या नोंदवह्या चाळताना अंगठ्यांचे निळे ठसे दिसतात. नावे धर्मगुरूंच्या वळणदार अक्षरांत, आणि शेजारी ते मुके ठसे. अमेरिकेत निरक्षर माणूस सहीच्या जागी फुली काढीत असे. त्या फुलीच्या जागी सही यावी म्हणून झटलेल्या एका शिक्षिकेचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरी झाला. वडील गुलामीत जन्मलेले. आई लोकांचे कपडे धुऊन संसारास हातभार लावी. १९१६ साली सेप्टिमाबाई शिक्षिका झाल्या, परंतु शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना मज्जाव होता. तेव्हा त्या जवळच्या जॉन्स बेटावर गेल्या. तेथे दोन शिक्षिका आणि १३२ मुले. बाईंचा पगार महिना ३५ डॉलर. रस्त्यापलीकडील गौरवर्णीयांच्या शाळेत मुले तीन, आणि शिक्षिकेचा पगार ८५ डॉलर!

पुढे चार्ल्सटनमध्ये घरोघर हिंडून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि १९२० साली शहरातील शाळांची दारे कृष्णवर्णीय शिक्षकांना उघडली. समान वेतनाच्या न्यायालयीन लढ्यातही त्या होत्या.

खरी परीक्षा १९५६ साली झाली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सरकारी नोकरांना राज्याने निषिद्ध ठरविले. बाईंनी सभासदत्व लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. त्यांनी राज्यातील ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे लिहिली. उत्तरे आली २६. गप्प राहिलेल्या सातशे जणांना दोष देण्यास आम्ही धजत नाही; त्यांच्याही घरी चुली होत्या. बाईंनीही तो दिला नाही. हे आपल्या आयुष्यातील एक अपयश, असे त्या म्हणत. लोकांची तयारी झाली नसतानाच आपण त्यांना पुढे ढकलले, हा त्यांचा स्वतःवरील आक्षेप होता.

मग त्या तयारीच्याच कामाला लागल्या. टेनेसी राज्यातील हायलँडर लोकविद्यालयात गोरे आणि काळे एकत्र शिकत, एका मेजावर जेवत. १९५५ च्या उन्हाळ्यात तेथील बाईंच्या शिबिरात रोझा पार्क्स येऊन गेल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी माँटगोमेरीच्या बसमधील आसन सोडण्यास नकार दिला.

इकडे जॉन्स बेटावर मतदारयादीत नाव घालण्यासाठी राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. बेटावरून शहरात बस नेणारे इसो जेन्किन्स प्रवाशांना वाटेतच तो शिकवू लागले होते. ७ जानेवारी १९५७ रोजी बेटावर प्रौढांची शाळा सुरू झाली. पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागे वर्ग; गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही योजना. शिकविण्यास बाईंनी प्रशिक्षित शिक्षक नेमलाच नाही. आपल्या नात्यातील, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना त्यांनी गळ घातली. चौदा प्रौढांपुढे त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आधी विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला मागणीपत्र भरायचे होते, कुणाला नुसते आपले नाव लिहायचे होते. मुलांसाठीची पुस्तके बाजूस ठेवण्यात आली. पुठ्ठ्यावर लिहिलेले स्वतःचे नाव लोक पेन्सिलीने पुनःपुन्हा गिरवीत. एके दिवशी पासष्ट वर्षांच्या एका आजींना फळ्यावरील नावांत स्वतःचे नाव ओळखता आले. हातात पट्टी घेऊन त्यांनी ते सर्वांना दाखविले. आम्हांस हा प्रसंग मोठमोठ्या मोर्चांहून मोलाचा वाटतो.

१९६१ पासून डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हे वर्ग दक्षिणेच्या राज्यांत पसरविले. त्या संघटनेच्या कार्यकारिणीवर बहुतेक पाळक होते, आणि ही बाई येथे कशाला, असा प्रश्न त्यांतील एक जण वारंवार विचारी. चळवळीचे नेतृत्व इतरांनाही करू द्यावे, असे बाईंनी किंग यांना पत्राने सुचविले, तेव्हा बैठकीत हशा पिकला. पाळकांना हे चरित्र वाचताना थोडे खाली पाहावे लागते, हे आम्ही कबूल करतो.

१९७५ साली चार्ल्सटन परगण्याच्या शाळा मंडळावर त्या निवडून आल्या. त्यांना नोकरीवरून काढणे अन्याय्य होते हे मान्य करून राज्यपालांनी १९७६ साली त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू केले. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, ते जॉन्स बेटावरच.