स्थानिक इतिहास व खाजगी दप्तरे

एखादे गाव, पेठ, परगणा किंवा घराणे यांच्या गतजीवनाची माहिती देणारे, परंतु इतिहास सांगण्याच्या हेतूने न लिहिलेले कागदपत्र हे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय. अशा कागदपत्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : व्यापारी व सावकार यांच्या वह्या, जमिनीच्या पाहणीचे व मोजणीचे कागद आणि घराण्यांचे खाजगी कागद. त्यांच्या संग्रहास मराठीत दप्तर म्हणतात. हा शब्द फार्सीतून आला आहे. मोडी कागदांच्या घड्या वा गुंडाळ्या कापडात बांधून ठेवण्याची पूर्वी रीत होती. कापडात बांधलेल्या अशा गाठोड्यास रुमाल ही संज्ञा आहे.

बखर आणि दप्तर यांत मूलभूत भेद आहे. बखर वाचकाला काही सांगण्यासाठी लिहिलेली असते, तर दप्तरातील कागद एखादे काम भागविण्यासाठी लिहिलेला असतो. कर्ज दिले म्हणून खत झाले, सारा बसवावयाचा म्हणून जमीनझाडा झाला, वतनाचा तंटा मिटला म्हणून महजर झाला. अशा कागदांचे जतनही इतिहासासाठी झालेले नाही. ज्याच्यात एखादा हक्क सामावलेला होता, तो कागद घराण्याने जपला; ज्याच्यामुळे एखाद्याच्या मानेवर जू बसले होते, तो त्याने संधी मिळताच नष्ट केला. महाराष्ट्रातील स्थानिक दप्तरांचा इतिहास बव्हंशी असा हक्कांचा इतिहास आहे.

घराण्यांचे कागद : मराठी राज्यात गावाचा हिशेब कुलकर्णी व परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवीत असे आणि हे कागद बहुधा त्यांच्या घरीच असत. त्यामुळे सरकारी व खाजगी अशी काटेकोर विभागणी या दप्तरांना लागू पडत नाही. एकाच रुमालात गावाचा ताळेबंद, घरातील लग्नाचा खर्च, दत्तकपत्र, वतनाची सनद आणि देवस्थानाच्या इनामाचा कागद एकत्र सापडतो. यांपैकी महजर विशेष उद्‌बोधक असतात. वतन, सीमा किंवा मानपान यांविषयीच्या वादात गोतसभेने दिलेला निर्णय त्यात नोंदविलेला असून खाली पाटलाची नांगराची निशाणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या आढळतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचे गावातील स्थान या निशाण्यांवरून कळते.

इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने इनाम कमिशनला विस्तृत अधिकार मिळाले. इनामदारास आपला हक्क कागदानिशी सिद्ध करणे भाग पडले. परिणामी माळ्यावर पडलेले जुने कागद खाली आले, त्यांच्या नकला सरकारी दप्तरात दाखल झाल्या. त्याचबरोबर बनावट सनदाही तयार होऊ लागल्या. म्हणून अशा कागदाचा उपयोग करताना कागदाची जात, शिक्का, हस्ताक्षर आणि कालोल्लेख यांचा मेळ पाहावा लागतो. जुन्या कागदांत सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहीत. त्यात मृग नक्षत्राच्या हिशेबाने ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन मिळतो. उदा., ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७२, अर्थात इ. स. १७७१–७२. बनावट कागदाचा लेखक बहुधा असल्या तपशिलात चुकतो.

खाजगी दप्तरांचे ऐतिहासिक मोल प्रथम ओळखणाऱ्यांत वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) व वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) हे अग्रगण्य होत. खरे यांनी मिरज येथे राहून पटवर्धन घराण्याचे दप्तर अभ्यासले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला व पुढे तिचे एकूण २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे मिळवीत. सनदेचा हक्क गेला नसला, तरी घरातील कागद परक्या माणसाच्या हाती दिल्यास काही अनिष्ट घडेल, ही भीती त्यांना ठिकठिकाणी दूर करावी लागली. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि अशा कागदांना कायमचे घर मिळाले. द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी साताऱ्यास जमविलेला संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. मराठी दप्तरे महाराष्ट्राबाहेरही आहेत. उदा., कोटा येथील गुळगुळे घराण्याचे दप्तर.

व्यापारी वह्या : सावकाराच्या पेढीवर रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द व खातेवार खतावणी या दोन वह्या मुख्य असत. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने येतो, खतावणीत तोच व्यवहार कुळाच्या नावाखाली जातो. दोहोंचा ताळा घातल्यास नोंदीची सत्यता तपासता येते. वह्यांतून धान्याचे भाव, मजुरीचे दर, व्याजाचा आकार, हुंडीचा मार्ग इत्यादी माहिती मिळते. चांदवडी, अंकुशी इ. निरनिराळ्या रुपयांमधील बट्टा आणि गावोगावच्या पायली व शेरांतील फरक यांशिवाय या भावांचा अर्थ लागत नाही. म्हणून एका ठिकाणच्या वहीवरून दुसऱ्या ठिकाणच्या महागाईचे अनुमान करणे धोक्याचे ठरते.

सावकारी वहीत कुळाचे नाव असते; त्याचे म्हणणे नसते. ही त्रुटी किती गंभीर आहे, हे दख्खनच्या दंग्यांवरून दिसून येते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली व हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः खते व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे सहसा मारहाण झाली नाही. आपणास न वाचता येणाऱ्या कागदाने आपली जमीन जाते, हे शेतकऱ्याने पुरते ओळखले होते. या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. त्यात खते गावनोंदणीकारापुढे लिहिली जावीत आणि सावकाराने पावती व हिशेब द्यावा, अशा तरतुदी होत्या. सुप्याच्या परिसरातील तत्कालीन कर्जाचा इतिहास लिहिणाऱ्यास त्यामुळे दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात : उरलेली वही एका पक्षाची आहे, आणि जी खते उरली नाहीत त्यांचे नसणे हाही एक पुरावा आहे.

आधुनिक उद्योगांच्या दप्तरांकडे भारतात उशिरा लक्ष गेले. टाटा उद्योगसमूहाचे अभिलेखागार १९९१ मध्ये स्थापन झाले. गोदरेज समूहानेही मुंबईत आपले अभिलेखागार उभारले. परंतु लहान पेढ्या, जिनिंग कारखाने, छापखाने व बंद पडलेल्या गिरण्या यांच्या कागदांना असा आश्रय क्वचितच लाभतो. कामगारांच्या हजेरीपटावरून कोणत्या तालुक्यातून कोण शहरात आले, हे कळू शकते. तथापि पेढी बुडाली की प्रथम रद्दीत जातो तो हजेरीपटच.

पाहणी व मोजणी : पेशवाईतील जमीनझाडे व लावणीपत्रके यांनंतर इंग्रजी अमदानीत पद्धतशीर मोजणी सुरू झाली. प्रिंगल याची १८२८ च्या सुमारास सुरू झालेली पाहणी फसली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात अनुसरलेली पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. सर्व्हे नंबर, गावनकाशे व आकारबंद ही तिची फळे होत. यांबरोबरच गावाची सर्वांगीण पाहणी करणारे अभ्यासही झाले. टॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० च्या सुमारास पुण्याजवळील लोणीची पाहणी केली. सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच लोणीकंदची स्थिती गो. स. घुर्ये यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली.

जुने दप्तर व नवी पाहणी यांची सांगड कशी घालावी, याचा उत्कृष्ट नमुना म्हणजे हॅरल्ड मॅन यांचा पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाचा १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी गावात फिरून शेते, कुटुंबे व कर्जे यांची मोजदाद केली आणि तिची तुलना जुन्या कागदांतील नोंदींशी केली. त्यांना असे आढळले, की १७७१ मध्ये गावातील खातेदाराची सरासरी जमीन सुमारे ४० एकर होती. ती १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२०–४० या काळात सुमारे १४ एकर व १९१४–१५ मध्ये अवघी ७ एकर राहिली. जमिनीच्या तुकडीकरणाविषयी तोपर्यंत मतेच पुष्कळ होती. एका गावाच्या दप्तराने त्यास मोजमाप दिले. १७७१ चे कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही हा प्रश्न नव्हता.

नाश व जतन : स्वातंत्र्योत्तर काळात वतने व इनामे क्रमाने रद्द झाली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, खाजगी इनामे १९५२ च्या, तर पाटीलकी १९६२ च्या अधिनियमाने संपुष्टात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु ज्या हक्कासाठी पाच-सहा पिढ्यांनी कागद सांभाळले, तो हक्क गेल्याने कागद निरुपयोगी ठरले. त्याच सुमारास मोडी लिपीही व्यवहारातून गेली. अशा रीतीने कागद वाचण्याची गरज आणि वाचणारा माणूस, दोन्ही एकाच पिढीत नाहीसे झाले. वाडे पडले, वाटण्या झाल्या आणि रुमाल विस्तवात, नदीत वा रद्दीच्या दुकानात गेले. मालकाच्या दृष्टीने कागदाची किंमत संपते त्याच क्षणी इतिहासाच्या दृष्टीने ती सुरू होते. सर्वाधिक धोक्याचा क्षणही तोच असतो.

शासनाच्या ताब्यातील कागदांस संरक्षण आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार रुमाल असून गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांनी त्यांतील निवडक कागद १९३०–३४ या काळात ४५ भागांत संपादित केले. ही निवड मुख्यत्वे राजकीय पत्रांची होती; हिशेबाचे बहुसंख्य रुमाल त्याबाहेर राहिले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये झाला. पण घरातील दप्तर त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचे भवितव्य सर्वस्वी कुटुंबाच्या जाणिवेवर अवलंबून असते.

दप्तर हाताळताना पहिला नियम असा, की रुमाल ज्या क्रमाने बांधलेला आहे तो क्रम मोडू नये. एखादे ‘महत्त्वाचे’ पत्र वेगळे काढून चौकटीत लावले, की ते आपल्या शेजारच्या कागदांपासून तुटते आणि त्याचा निम्मा अर्थ जातो. काजळाची शाई काळाने सहसा फिकी पडत नाही, मात्र पाण्याने वाहून जाते. म्हणून ओलीपासून दप्तर दूर ठेवावे. वाळवी व कसर यांचा उपद्रव वेळोवेळी तपासावा. कागदांस चिकटपट्टी लावू नये, तसेच ते प्लॅस्टिकच्या थरात बंद करू नयेत. कागद कोणाच्या घरातून, केव्हा व कोणत्या स्थितीत मिळाले, ही नोंद कागदांइतकीच मोलाची असते. संगणकीय प्रतिमांमुळे मूळ कागद घरीच ठेवून त्याचा अभ्यास करणे आता शक्य झाले आहे. तथापि मोडी वाचणारे नसतील, तर या प्रतिमाही मुक्याच राहतात. या दृष्टीने पुराभिलेख संचालनालय व काही संशोधनसंस्था यांचे मोडी प्रशिक्षणवर्ग उपयुक्त ठरले आहेत.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून मॅन यांनी मोजलेल्या शेतांवर बहुमजली इमारती उभ्या आहेत. बांध, विहिरी व पांदी यांच्या खुणा जमिनीवर फारशा उरलेल्या नाहीत. त्या शेतांचा आकार, ती कसणारी माणसे आणि त्यांची कर्जे यांची माहिती आता केवळ कागदांतच मिळते. महाराष्ट्रातील ज्या असंख्य गावांची अशी पाहणी कधीच झाली नाही, त्यांच्या बाबतीत एखाद्या घराच्या माळ्यावरील रुमाल हाच बहुधा एकमेव साक्षीदार असतो.