पिवळ्या ठोकळ्याची गोष्ट

हल्ली कुठल्याही कंपनीच्या मार्केटिंगवाल्याशी दोन मिनिटं बोला, 'कम्युनिटी' हा शब्द आलाच म्हणून समजा. ग्राहकांची कम्युनिटी उभारून द्यायची, तिच्यासाठी सॉफ्टवेअर विकायचं, हा आता स्वतंत्र धंदाच झालाय. पण मला विचाराल तर यातला सगळ्यात मोठा धडा एका खेळण्यांच्या कंपनीने दिला, आणि तोही एक गोष्ट न करून.

१९९८ साली डेन्मार्कच्या लेगोने माइंडस्टॉर्म्स हा रोबो बनवायचा संच बाजारात आणला. (नाव सीमोर पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकावरून घेतलेलं.) त्यातला मोठा पिवळा ठोकळा म्हणजे आरसीएक्स. आत हिताचीचा मायक्रोकंट्रोलर आणि ३२ केबी रॅम, बस्स. मुलांनी पडद्यावर चित्रं जोडून प्रोग्राम करावा अशी कंपनीची कल्पना. पण काही आठवड्यांतच स्टॅनफर्डच्या केकोआ प्राउडफूट या विद्यार्थ्याने तो ठोकळा आतून कसा चालतो हे शोधून जगजाहीर केलं. मग काय! मार्कुस नोगाने त्याच्यासाठी लेगओएस ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, तर डेव्ह बॉमने 'सी'च्या वळणाची एनक्यूसी भाषा.

आता वकिलाला फोन लावायची हीच वेळ. लेगोमध्ये तशी चर्चा झालीही. पण कोर्टात जायचं नाही असं ठरलं, आणि उलट सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्येच हॅक करायची मुभा घातली गेली! माझ्या मते लेगोची कम्युनिटी खऱ्या अर्थाने तिथे जन्मली.

पुढे २००३-०४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. त्याच सुमारास माइंडस्टॉर्म्सची पुढची आवृत्ती करताना लेगोने चार पट्टीच्या ग्राहकांना गुपचूप मदतीला घेतलं. त्यांच्या सूचना घेऊन २००६ मध्ये एनएक्सटी बाजारात आला. गंमत म्हणजे हे लोक डेन्मार्कला स्वतःच्या तिकिटाने गेले, आणि मोबदला काय, तर लेगोचेच संच.

इथे मला जरा खुपतं. आमच्या धंद्यात तासातासाचं बिल लागतं. हौसेला मोल नसतं म्हणून फुकट राबवून घ्यायचं का? नंतर लेगोने निदान एक नियम केला. २००८ साली जपानमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'लेगो आयडियाज' झालेल्या उपक्रमात, तुमच्या डिझाइनला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी त्याचा विचार करते. संच बाजारात आला तर निव्वळ विक्रीच्या १ टक्का तुमचा.

पण शेवटचा शब्द कंपनीचाच. २०२२ च्या अखेरीस माइंडस्टॉर्म्स बंद झालं, तेव्हा हौशी मंडळींचं मत कोणी मोजलं नाही. आणि तरीही कुणाच्या माळ्यावरचा जुना पिवळा ठोकळा आज चालवायचा झाला, तर ग्राहकांनीच लिहिलेला कोड कामाला येतो. लायसन्समधली ती एक ओळ कंपनीच्या प्रॉडक्टपेक्षा जास्त टिकली.

तेव्हा तुमची कंपनी उद्या 'कम्युनिटी' विकत घ्यायला निघाली, तर आधी एवढंच विचारा: ग्राहकाला झाकण उघडायची परवानगी आहे का?