शृंगार, अश्लीलता आणि लावणी : एका सीमारेषेचा इतिहास

प्रास्ताविक

शृंगारिक कलाकृती आणि पोर्नोग्राफी या दोन भिन्न वस्तू आहेत, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. पहिलीला अभ्यासक्रमात स्थान मिळते, दुसरी लपवून वाचली जाते. परंतु हा भेद संहितेतच असतो, की ती कोण सादर करतो आणि कोण ऐकतो यावरून तो ठरविला जातो? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील शाहीर पठ्ठे बापूराव यांच्या लावणीच्या संदर्भात केला आहे.

संज्ञांचा इतिहास

‘पोर्नोग्राफी’ या शब्दातील ग्रीक ‘पोर्ने’ म्हणजे देहविक्रय करणारी स्त्री. म्हणजेच या शब्दाच्या मुळाशी लेखनाचा गुण वा दोष नसून स्त्रियांचा एक वर्ग आहे. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘अश्लील’ ही संज्ञा मात्र शब्दयोजनेतील दोषाची वाचक आहे. व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तिचे तीन प्रकार मम्मटादी आचार्यांनी मानले. त्यामुळे मृत्यू सूचित करणारा शब्दही अश्लील ठरू शकतो. शृंगार हा विषय म्हणून दोषास्पद नव्हता. हालाच्या ‘गाथासप्तशती’त चोरट्या प्रेमाचे उल्लेख विपुल आहेत आणि तरीही महाराष्ट्री प्राकृताचा तो मानाचा ग्रंथ आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अश्लीलता हा केवळ दोष न राहता गुन्हा ठरला. तिच्यातील कलम २९२ चा अर्थ लावताना न्यायालयांनी १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्याची कसोटी स्वीकारली. ज्याचे मन अशा प्रभावास खुले आहे त्यास बिघडविण्याची प्रवृत्ती लेखनात आहे काय, असे ही कसोटी विचारते. येथे लक्ष मजकुरावरून वाचकाकडे, त्यातही ‘दुर्बल’ समजल्या गेलेल्या वाचकाकडे वळले.

बापूराव आणि पवळा

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव यांचा जन्म १८६६ साली वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरातील हा मुलगा तमाशात गेला, हिवरगावच्या पवळा या महार स्त्रीबरोबर फडात उभा राहिला आणि स्वजातीने त्यास दूर लोटले. त्यांचे गण आणि भेदिक रचना यांबद्दल आज कोणाची तक्रार नाही. वाद असतो तो शृंगारिक लावणीबद्दल, आणि तोही विलक्षण रीतीने. तीच लावणी संपादित संग्रहात छापली की ‘शाहिरी वाङ्मय’ होते. पवळेने बोर्डावर ठसक्यात म्हटली की ‘चावट’ होते. अक्षर एकही बदललेले नसते. बदलते ते म्हणणाऱ्या स्त्रीची जात आणि ऐकणाऱ्या पुरुषांचा वर्ग. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तमाशाविषयक ग्रंथात अश्लीलतेच्या कल्पनेमागील हे जातीचे गणित विस्ताराने मांडले आहे.

छापील मजकुराची वाट निराळी झाली. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, पण लैंगिक विषयावरील लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, हा युक्तिवाद न्यायालयात नोंदला गेला. १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी कायम ठेवली. मात्र वासना चेतविण्याच्या हेतूने केलेली ती पोर्नोग्राफी, आणि असा हेतू नसतानाही तशी प्रवृत्ती असलेले तेही अश्लील, असा फरक तेथे नोंदविला. हा भेद कागदावर नीट दिसतो. परंतु ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कादंबरीस उच्च न्यायालयाने अश्लील ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तीच कादंबरी वाचून लेखकास मुक्त केले, तेव्हा हेतू ओळखणे किती वाचकसापेक्ष आहे हे उघड झाले. २०१४ साली हिकलिन कसोटी सोडून समकालीन समाजमानकाची कसोटी आली, तरी तो समाज कोणता हे मोघमच राहिले.

१९४८ ची बंदी

छापील लेखकास अपिलाची संधी तरी होती; फडास ती क्वचितच होती. मुंबई प्रांताच्या सरकारने १९४८ साली अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती सैल झाली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. वास्तविक तमाशाची बतावणी बरीचशी ऐनवेळी सुचणारी असते आणि द्व्यर्थ शब्दात कमी, सुरात व डोळ्यात अधिक असतो. तो कागदावर सापडणार तरी कसा?

ग्लोरिया स्टायनेम यांनी १९७८ च्या लेखात दोहोंतील भेद परस्परसंमती आणि सत्ता यांवर आधारला होता : जेथे दोघांची इच्छा तेथे शृंगार, जेथे एकाचे वर्चस्व तेथे पोर्नोग्राफी. माझ्या मते हा भेद खरा आहे. फक्त तो संहितेत शोधता येत नाही. तो लावणीस लावला तर शब्दांऐवजी दौलतजादा, बिदागीचा हिशेब आणि नाचणारीस नकार देण्याची मुभा या बाबी तपासाव्या लागतील. १९४८ च्या परीक्षणात या बाबींना स्थान नव्हते. तपासले गेले ते ओळींचे शब्द, आणि प्रयोग बंद पडले तेव्हा रोजगार गेला तो प्रथम बोर्डावरच्या स्त्रियांचा.