सुरीच्या पोलादाची कुळकथा

आमच्या घरीं दोन सुऱ्या आहेत आणि त्या दोहोंवरून एक जुना वाद आहे. पहिली सुरी माझ्या आईच्या वेळची, साध्या पोलादाची. कैरी चिरली कीं तिचें पातें काळवंडतें, ओली राहिली कीं तिला गंज चढतो. परंतु दगडावर दहापांच वेळां फिरविली कीं तिला पुन्हां पूर्वीची धार येते. दुसरी सूनबाईंनीं आणलेली, गंज न लागणाऱ्या पोलादाची. ती वर्षानुवर्षें चांदीसारखी चकाकते. मात्र एकदां बोथट झाली म्हणजे घरच्या दगडाला दाद देत नाहीं. यांतली खरी चांगली सुरी कोणती, याचा निवाडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. तो करावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, स्वयंपाकघरांतील या वादाला कित्येक शतकांची परंपरा आहे आणि तिचा एक धागा आपल्या दख्खनच्या भूमींतून निघालेला आहे.

सुरीकडून आपण तीन गुण मागतों. तिची धार टिकावी, हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर आपटली तरी तिचा तुकडा उडूं नये, आणि बोथट झाली तर थोड्या श्रमांत तिला धार लागावी. या तीन गुणांचें आपसांत पटत नाहीं, हीच पोलादाच्या इतिहासांतली मुख्य अडचण होय.

पोलाद म्हणजे थोडा कर्ब पोटांत घेतलेलें लोखंड. तें लालबुंद तापवून पाण्यांत बुडविलें कीं कांचेसारखें कठिण होतें आणि कांचेसारखेंच ठिसूळहि होतें. म्हणून लोहार तें पुन्हां मंद आंचेवर धरतो. घासून उजळलेल्या पात्यावर प्रथम गवताच्या काडीसारखा पिंवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि अखेरीस निळा. पिंवळ्या रंगावर थांबला तर कठिनपणा राहतो. निळ्यापर्यंत गेला तर कठिनपणा उतरतो, पण चिवटपणा वाढतो. वस्तरा पिंवळ्यावर थांबवावा, घड्याळाची कमान निळ्यावर. उष्णतामापक यंत्र हातीं येण्यापूर्वी शेंकडों वर्षें हें ज्ञान कारागिराच्या डोळ्यांत सांठविलेलें होतें. ‘पाणी देणें’ हा आपल्या भाषेंतला शब्दप्रयोग त्याच विद्येची खूण आहे.

यांत आणखी एक गोष्ट मिळते. पोलादांत कर्ब जास्त झाला म्हणजे त्याचा कांहीं भाग लोखंडाशीं संयोग पावून अतिशय कठिण अशा सूक्ष्म कणांच्या रूपानें राहतो. चुन्यांत मिसळलेल्या वाळूप्रमाणें हे कण पात्याची झीज रोखतात आणि धार टिकवितात. परंतु हेच कण मोठे झाले, किंवा एका जागीं गोळा झाले, कीं धार तेथेंच फुटते. आणि धार लावणाऱ्या दगडालाहि ते तितकेच जड जातात. जो कण भाजी कापतांना झिजत नाहीं, तो दगडावर तरी सुखासुखीं कसा झिजेल?

ही तारेवरची कसरत जगांत ज्यांनीं फार पूर्वीं साधली, त्यांत दक्षिण हिंदुस्थानांतले आणि तेलंगणांतले लोहार होते. मातीच्या लहान मुशींत लोखंडाचे तुकडे घालावयाचे, त्यांत तरवडाचें वाळलेलें लांकूड ठेवावयाचें, वर रुईचीं हिरवीं पानें झांकून तोंड मातीनें बंद करावयाचें, आणि भात्याच्या वाऱ्यावर तासन् तास आंच द्यावयाची, अशी म्हैसूर व सालेमकडची रीत एकोणिसाव्या शतकांतील निरीक्षकांनीं नोंदविली आहे. आपल्या माळरानावरचा तरवड आणि ओसाड वाटेवरची रुई जगप्रसिद्ध तलवारींच्या घडणींत उपयोगी पडत होतीं, हें ऐकून कोणाला नवल वाटणार नाहीं? मूस थंड झाल्यावर फोडली कीं आंतून तळहातावर मावेल एवढी पोलादाची वडी निघे. तिच्यांत कर्ब शेंकडा सुमारें दीड भाग, म्हणजे आपल्या साध्या सुरीहून बराच अधिक असे.

निजामाबाद जिल्ह्यांतील कोनसमुद्रम् हें गांव या धंद्याचें नामांकित ठाणें. तेथील वड्या नेण्यासाठीं इराणी व्यापारी येत. सतराव्या शतकांत तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानें गोवळकोंड्याकडील या पोलादाची वाखाणणी केली आहे. या वड्यांपासून इराणांत व पश्चिम आशियांत घडविलेल्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. तिला ‘जौहर’ म्हणत. युरोपांत त्याच पोलादाला दमास्कसचें नांव चिकटलें.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या दख्खनमधून हें पोलाद बाहेर जाई, त्याच दख्खनमध्यें मराठे सरदार युरोपीय पात्याची लांब, सरळ तलवार कंबरेला लावीत. ‘फिरंग’ या तिच्या नांवांतच तिचें कूळ सांगितलेलें आहे. जोराचा वार बसला असतां लवून पुन्हां सरळ होणारें पातें ही एक गरज, आणि मऊ पदार्थ कापीत दीर्घकाळ टिकणारी धार ही दुसरी. एका पोलादानें दोन्ही गरजा भागत नाहींत, हें रणांगणावरच्या माणसाला शास्त्रज्ञाच्या आधीं ठाऊक होतें.

युरोपांतील कारागिरांना या पोलादानें प्रथम हारच खावयास लावली. रोमूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें कैरोहून तें मिळविलें. परंतु पॅरिसमधील एकाहि कारागिराला त्याचें हत्यार घडवितां आलें नाहीं, असें त्यानें १७२२ सालीं लिहिलें. कारण सोपें होतें. कर्ब अधिक असल्यानें हें पोलाद कमी उष्णतेवर मऊ होतें. तेथील लोहार संवयीनें तें पांढरेंशुभ्र होईतों तापवीत, आणि घण पडतांच त्याचा चुरा होई. हिंदी लोहार तें मंद लालीवर, धीरानें ठोकीत असे.

पुढें इंग्लंडांत १७४० नंतरच्या दशकांत बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें कमानींसाठीं एकजिनसी पोलाद हवें म्हणून शेफील्डजवळ मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. शेफील्डच्या सुरीवाल्यांनीं तें घेण्यास साफ नकार दिला. फार कठिण आहे, घडविण्यास त्रास पडतो, अशी त्यांची तक्रार. तेव्हां हंट्समननें आपला माल फ्रान्सला धाडला. फ्रेंच सुऱ्या बाजारांत सरस ठरूं लागल्या, तशी शेफील्डची झोंप उडाली. आणि काल नको म्हटलेलें पोलाद आतां परदेशीं जाऊं देऊं नये, म्हणून तेच लोक धडपडूं लागले! धार टिकावी असें गिऱ्हाइकाला वाटतें, घडविण्यास सोपें असावें असें कारागिराला वाटतें. या दोहोंची तडजोड नेहमीं बाजारांतच होते.

१७९४ सालीं मुंबईंतील एक डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं हिंदी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनीं १७९५ सालीं जो निबंध वाचला, त्याच्या मथळ्यांत हें पोलाद ‘मुंबईस तयार होणारें’ असें म्हटलें आहे. बंदराचें नांव मालाला लागलें. मूस पेटविणारीं गांवें पडद्याआडच राहिलीं. त्या पोलादाचें ‘वूट्झ’ हें इंग्रजी नांवदेखील कानडी–तेलुगू ‘उक्कु’ या शब्दाचा अपभ्रंश असावें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. पिअर्सनच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या शस्त्रकारानें त्याचा एक लहानसा चाकू बनविला. घडवितांना फार कष्ट पडले. तरीहि पुष्कळ कामांसाठीं हें पोलाद इंग्लंडांतील पोलादाहून श्रेष्ठ आहे, असा अभिप्राय त्यानें दिला. पुढें याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनीं, जे स्वतः एका लोहाराचे चिरंजीव होते, त्याचें रहस्य उकलण्यासाठीं १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग केले. रहस्य हातीं लागलें नाहीं. परंतु पोलादांत इतर धातु मिसळून त्याचे गुण पालटण्याच्या शास्त्राचा पाया त्या खटपटींतून घातला गेला.

इकडे मूळ धंदा मात्र एकोणिसाव्या शतकांत विझत गेला. कोळशासाठीं लागणारें रान महाग झालें, विलायतेहून स्वस्त पोलाद येऊं लागलें, आणि तलवारीची मागणी ओसरली. बापानें मुलाला सांगावयाची विद्या, मुलानें धंदा सोडतांच, कागदावर न उतरतां नाहींशी झाली.

आतां सूनबाईंच्या सुरीकडे वळूं. १९१३ सालीं शेफील्डमध्यें हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या उद्योगांत होते. त्यांनीं शेंकडा सुमारें तेरा भाग क्रोमियम घातलेलें पोलाद ओतविलें, आणि आम्लानें त्यावर डाग पडत नाहीं असें त्यांना आढळलें. त्यांच्या मनांत सुरी आली. परंतु सुरीवाल्यांच्या हातांत त्या पोलादाला धार धरेना. त्याला कठिण करण्यासाठीं साध्या पोलादापेक्षां पुष्कळ अधिक उष्णता लागते, हें जुन्या संवयीच्या कारागिरांना उमगलें नव्हतें. ‘न कापणाऱ्या सुरीचा जनक’ अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली. रोमूरच्या पॅरिसमध्यें आंच अधिक झाली, ब्रिअर्लींच्या शेफील्डमध्यें कमी पडली; दोन्ही वेळां दोष मात्र पोलादाच्याच माथीं मारला गेला.

सुमारें १९७० पासून वितळलेल्या पोलादाचे बारीक तुषार करून, ती भुकटी दाबून पोलाद बनविण्याची रीत व्यवहारांत आली. तिच्यामुळें कठिण कण पुष्कळ असूनहि ते बारीक आणि सारखे विखुरलेले राहतात. धार फार दिवस टिकते आणि चिवटपणाहि बेताचा राहतो. पण त्यांतील व्हॅनॅडियमचे कण नैसर्गिक दगडापेक्षां कठिण असतात. त्याला धार लावावयाची तर हिऱ्याच्या चुऱ्याचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे तिसऱ्या गुणाची किंमत द्यावीच लागली.

आणि हा व्हॅनॅडियमच आपल्याला पुन्हां तेलंगणांत नेतो. १९९८ सालीं अमेरिकेंतील व्हरहूव्हन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनीं आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिलें कीं, जुन्या पात्यांवरील लहरी व्हॅनॅडियमसारख्या द्रव्याच्या अत्यल्प अंशामुळें उमटत. लाखांत मोजके भाग त्यास पुरत. खाणींतल्या धातुकांत तो अंश आपोआप येई. खाण बदलली कीं तीच कृति करूनहि लहरी येत नसत. पुढें २००८ सालीं वाळूमिश्रित कागद कापणाऱ्या यंत्रावर या पोलादाची आधुनिक पोलादांशीं तुलना झाली. पात्यांचा कठिनपणा मध्यम ठेवला तेव्हां जुनें हिंदी पोलाद किंचित् सरस ठरलें. कठिनपणा पूर्ण चढविला तेव्हां वस्तऱ्यासाठीं तयार केलेलें गंजरोधक पोलाद पुढें गेलें. लोकांनीं त्याच्याभोंवतीं रचलेल्या दंतकथा यामुळें गळून पडतात; पण कारागिराची थोरवी उणी होत नाहीं. मुशींत काय घडतें हें त्याला सांगतां आलें नसतें. मात्र तें घडवून कसें आणावें हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

घरच्या वादाचा निकाल मीं असा दिला. आंबट फळें आणि पाण्यांतलीं कामें सूनबाईंच्या सुरीकडे. बारीक चिरणें आईच्या सुरीकडे. आणि नारळाला दोहोंपैकीं एकीलाहि हात लावावयाचा नाहीं, त्यासाठीं कोयता आहे. निकाल दोन्ही पक्षांस मान्य झाला. मग आईनें सुनेला जवळ बसवून दगडावर पातें कोणत्या कोनांत धरावें, हात किती हलका ठेवावा आणि धार आली हें नुसत्या आवाजावरून कसें ओळखावें, तें दाखविलें. मी बाजूस बसून तें टिपून घेतलें. कोनसमुद्रमच्या मुशीपाशीं असा कोणी टिपून घेणारा वेळींच बसला असता, तर फॅरडे यांचे कष्ट वांचले असते.