मु. पो. हॉलब्रुक, अ‍ॅरिझोना

कार्ड हातात घ्या आणि आधी अंगठा फिरवून बघा. कागदावर कापडाची वीण उठवलेली लागेल. वर आकाश असं निळं की डोळे निवावेत. खाली अंगणाभोवती काँक्रीटचे पांढरेशुभ्र तंबू, प्रत्येकावर लाल नागमोडी पट्टा, दारात चकचकीत मोटारी. माणूस एकही नाही. विजेचा खांब नाही, तार नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. हे रूट ६६च्या काठचं विगवॅम मोटेल.

इमारत खरी आहे, स्वच्छता खोटी. असली कार्डं छापणारा मोठा कारखाना शिकागोत होता, कर्ट टाइक यांचा. गावाकडून तिथे काळा-पांढरा फोटो जायचा आणि सोबत चिठ्ठी: छप्पर लाल, दार हिरवं. बाकीचं तिकडचा कलाकार टेबलाशी बसून रंगवणार. मालकाची इच्छा असेल तर खांब पुसायचे, खटारा गाडी काढून नवी लावायची. उकाडा, धूळ आणि वास एवढं मात्र कुणाला छापता आलं नाही. त्यासाठी आत जावं लागेल. साल १९५१, महिना जुलै. टाका पाय.

भाजलं ना?

आता मुकाट्याने मागच्या सीटवर सरका. एका कुटुंबाच्या गाडीत तुमची सोय लावली आहे, शेजारी तीन भावंडं आहेत, आभार नंतर माना. चारही काचा खाली आहेत आणि आत येणारा वारा गरमच आहे. सदरा पाठीला चिकटलाय, दातांत रेती करकरतेय, धाकट्याच्या हातातलं चॉकलेट तुमच्या गुडघ्यावर आलंय. कार्डातलं निळं आकाश इथे पांढुरकं पडलंय आणि पुसलेले सगळे खांब रस्त्याच्या कडेने रांगेत हजर आहेत. पुढे बंपरवर जाड कॅनव्हासची पिशवी लोंबतेय. कापडातून झिरपणाऱ्या पाण्याला वारा लागतो आणि आतलं पाणी माठातल्यासारखं गार राहतं. तिकडे आशेने बघू नका. पहिला हक्क रेडिएटरचा.

एवढ्यात पोरं किंचाळतात. पिवळी पाटी! पाटीवर काळा ससा आणि उरलेले मैल. मग दुसरी, मग तिसरी. जॅक रॅबिट नावाच्या दुकानाची ही जाहिरात. वडील ‘थांबणार नाही’ म्हणून सांगतात. अर्थातच थांबतात. इतके मैल पोरांनी ससा-ससा केल्यावर कोणता बाप न थांबता जाईल? आत पाऊल टाकताच चामड्याच्या चपलांचा वास येतो. त्यात घामाचा आणि कुणीतरी सांडलेल्या सरबताचा मिसळलेला. फिरोजाच्या अंगठ्या, दगड झालेल्या लाकडाचे तुकडे, आणि काउंटरवर बायकांची अशी दाटी की तुम्हाला बाटली डोक्यावरून घ्यावी लागते. थंडगार चेरी सायडर. पहिला घोट कपाळात चढतो. दुसरी बाटलीही घेताय? बरं, घ्या.

संध्याकाळ झाली, आता मुक्काम शोधायचा. एका मोटेलबाहेर ‘खोल्या आहेत’ची निऑन पाटी जळतेय, पण काउंटरवरचा माणूस तुमच्या रंगाकडे बघतो आणि सगळं भरलंय म्हणतो. मागे वळून पाटी परत वाचू नका, ती बरोबर आहे. याच रस्त्याने जाणारी काळी कुटुंबं ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका जवळ ठेवतात. कुठे पाठ टेकता येईल आणि कुठे थांबूही नये, ते त्यांना निघण्याआधीच बघावं लागतं. कार्डांच्या त्या निळ्या आकाशाखाली हेही कुणी छापलं नाही.

हॉलब्रुकला मात्र जागा मिळते. पुढ्यातच पंप. टोपीवाला पोऱ्या धावत येतो, पेट्रोल सोडतो, न सांगता काचेवर मेलेले किडे खरवडतो, ऑइलची पट्टी काढून वडिलांच्या नाकासमोर धरतो. पेट्रोलचा गोडसर वास डोक्यात जातो. त्याच्यामागे ते पंधरा तंबू. केंटकीच्या फ्रँक रेडफर्डची ही कल्पना, चेस्टर लुईसने इथे गेल्याच वर्षी उभी केलेली. गंमत अशी, की इथल्या नव्हाहो आदिवासींची घरं लाकूड-मातीची गोल, होपींची दगडी माळ्यांची. तंबू दूरच्या गवताळ मैदानांवरच्या जमातींचे. पण पन्नास मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढी चिकित्सा कोण करायला सांगतो?

आत शिरताना डोकं सांभाळा, भिंत वर जाताजाता तुमच्याकडे झुकत येते. हिकरीच्या लाकडाचा पलंग, चिमुकली न्हाणी, दिवसभर तापलेल्या काँक्रीटचा वास. ऑफिसातून आणलेल्या कार्डावर पोरांचं भांडण जुंपलंय, कारण चित्रातल्या आपल्या खोलीवर शाईने फुली मारायची आहे आणि पेन एकच. आई मागे चार ओळी लिहिते: मजेत आहोत, हवा जरा गरम. जरा! मग एक सेंटचं हिरवं तिकीट जिभेला लावून चिकटवते. तुमचीही जीभ डिंकाने कडू होऊ द्या, कार्ड तुमच्याही खिशात आहे.

तुमच्या तंबूत तुम्ही एकटे. बाहेर मालगाडी इतक्या जवळून धडधडत जाते की पाण्याचा ग्लास सरकतो. उशाशी रेडिओ आहे, पण फुकट नाही. दहा सेंटचं नाणं टाकलं की अर्धा तास वाजणार. तंबूंच्या नकाशाच्या मोबदल्यात रेडफर्डने हेच मागून घेतलं होतं, रेडिओंची कमाई त्याला जाते. टाका नाणं. आतले व्हॉल्व्ह गरम व्हायला वेळ लागतो, मग खरखरीतून बेसबॉलची कॉमेंट्री वर येते. तुम्हाला नियम ठाऊक नाहीत, तरी प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून तुम्ही बाजू निवडता. सामना रंगात येतो, कुणीतरी जोरात टोला हाणतो, चेंडू उंच गेलाय, आणि—

खट्. अर्धा तास संपला.

खिसे चाचपून उपयोग नाही, दहाचं उरलेलं नाणं दुसऱ्या चेरी सायडरमध्ये गेलं. ऑफिसात मोड मिळेल. पण त्यासाठी पँट चढवावी लागेल.