प्रेस्टनने पैसा कसा अडवला

२०११ साली टाइथबार्न व्यापारसंकुलाची योजना बारगळली आणि इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराने बड्या गुंतवणूकदाराची वाट पाहणे सोडले. नगरपालिका, पोलीस, महाविद्यालये अशा सहा सार्वजनिक संस्थांच्या खरेदीचा हिशेब तपासला, तेव्हा २०१२-१३ मध्ये त्यातला जेमतेम ५ टक्के पैसा शहरात राहत होता. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. स्थानिकांना उघड झुकते माप देण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून मोठी कंत्राटे फोडली, आणि शालेय जेवणाचा पुरवठा प्रेस्टन ज्या परगण्यात येते त्या लँकेशायरच्या शेतकऱ्यांच्या आवाक्यात आला.

यात शेजाऱ्याचा घास हिरावला जातो, हा आक्षेप वजनदार आहे. पण लँकेशायरचा एकूण वाटाही ३९ वरून ७९ टक्क्यांवर गेला, म्हणजे शेजाऱ्यांनाही लाभ झाला. दुसरा आक्षेप खर्चाचा; पण स्वस्त निविदेचा आग्रह धरणारे गावाबाहेर गेलेली मजुरी हिशेबात धरतच नाहीत.