मावेजा आणि मजुरी : हर्सूल–शेंद्रे परिसरातील विषमतेचा पूर्वेतिहास

विशेष आर्थिक क्षेत्रांमुळे स्थानिक उत्पन्नातील विषमता वाढते की घटते, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा कारखान्यातील वेतनापासून सुरू होते. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरापुरता तिचा आरंभ जमिनीच्या दप्तरापासून करणे अधिक सयुक्तिक होय.

शहरासाठी भोवतालची साधनसंपत्ती घेण्याची रीत येथे जुनी आहे. १६१० मध्ये वसलेल्या खडकीस मलिक अंबरने नहर-ए-अंबरीने पाणी आणले, ते हर्सूल ज्या दिशेस आहे त्या उत्तरेकडील टेकड्यांच्या बाजूने. तथापि पाणी गेले तरी जमीन कसणाऱ्याकडेच राहिली. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमानंतर चिकलठाणा, वाळूज व शेंद्रे येथे प्रत्यक्ष जमीनच संपादन झाली. अजिंठ्याच्या वाटेवरील हर्सूल त्या पट्ट्याबाहेर राहिले.

मराठवाड्यात संपादनाच्या भरपाईस ‘मावेजा’ म्हणतात. हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ ‘बदल्यात दिलेले’. पण कोणास दिलेले? ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्यास. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने नोंदलेल्या कुळास संरक्षण मिळाले. तोंडी बटाईने कसणारा आणि सालगडी मात्र दप्तराबाहेरच राहिले. जमीन गेली तेव्हा खातेदारास भांडवल मिळाले, सालगड्याचे सालच बुडाले. एकाच गावातील ही फूट पहिला कारखाना उभा राहण्यापूर्वीच पडते, ही गोष्ट वेतनाच्या आकड्यांत दिसत नाही. भूमिहीन मजुरास ‘बाधित कुटुंब’ ही संज्ञा लाभली ती २०१३ च्या भूसंपादन कायद्याने. अर्थात शेंद्र्याच्या संपादनानंतर.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमाने निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण व पुढील पाच वर्षे निम्मी करमाफी दिली. गावकऱ्यांस नोकरी देण्याची अट तिला जोडलेली नव्हती. सवलत भांडवलास मिळाली. मजुरी ठेकेदाराच्या मर्जीवर राहिली.

विकासाच्या आरंभी विषमता वाढते व पुढे ओसरते, असे अनुमान कुझनेट्स ह्यांनी १९५५ मध्ये मांडले. ते आपोआप घडते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८० मध्ये स्थापन झालेल्या चीनमधील शेन्झेन क्षेत्रात ग्रामसमूहांकडे काही जमीन उरली. तीवर घरे बांधून मूळ रहिवाशांनी भाडे कमावले. मात्र त्याच घरांत दाटीवाटीने राहणाऱ्या परगावच्या मजुरास त्यातला वाटा नव्हता. रायगड जिल्ह्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई क्षेत्राबाबत जनमत घेतले गेले. तेथेही मत विचारले गेले ते खातेदारांचे.